शेवटच्या ओळीतले तीन ठिपके

सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी दोनशे बाराच्या दोनशे बारा उदाहरणांपुढे हिरवी खूण आली आणि चुकामावशीनं चष्मा काढून नाकावरचे दोन खड्डे चोळले. दुसरी कुणी असती तर एवढं हिरवंगार बघून उठली असती, चार टेबलं फिरून चौघांना सांगून आली असती. हिनं नुसता पाण्याचा घोट घेतला. पाठ कालपासून भरून आली होती, आणि आज चार वाजेपर्यंत पाठीकडे बघायला सवड नव्हती. चार वाजता प्रोग्रामची नवी आवृत्ती बाहेर जायची होती.

चुकामावशी हे काही तिचं घरचं नाव नव्हे. कचेरीतल्या पोरांनी ते ठेवलं, आणि तिनं ते पायपुसण्यासारखं दाराशी पडू दिलं. पुसा पाय, काय पुसायचे ते.

नाव पडायला तसं निमित्तही होतं. ही कंपनी पंपाच्या पोटातला प्रोग्राम बनवायची. दवाखान्यात रोग्याच्या उशाशी उभा राहून शिरेत थेंबाथेंबानं औषध सोडतो, तो पंप. प्रोग्राम लिहिणारे लिहून मोकळे व्हायचे. तो वापरायचा कसा हे बाहेरच्या लोकांना सांगणारी पुस्तिका मावशी लिहायची. कुठली आज्ञा कशी द्यायची त्याचं एकेक उदाहरण, आणि त्याखाली यंत्र काय उत्तर देईल ते. बरं, लिहिलं आणि सोडून दिलं असंही नाही. रोज सकाळी एक तपासणारा प्रोग्राम ती सगळी उदाहरणं खरोखर चालवून बघायचा आणि आलेलं उत्तर पुस्तिकेतल्या उत्तराशी अक्षर न् अक्षर ताडायचा. जुळलं की हिरवं. एक स्वल्पविराम हलला तरी लाल.

त्यातली निम्मी उदाहरणं चुकांची होती. आपण शहाण्यासारखं वागलो तर यंत्र काय करतं हे कुणीही सांगेल. वेड्यासारखं वागलो तर ते काय म्हणतं हे सांगणं खरं काम, असं तिचं म्हणणं. म्हणून ती मुद्दाम काही तरी वेडंवाकडं द्यायची. उणे मात्रा, नसलेलं औषध, शून्य वजनाचा रोगी. यंत्रानं अडून बसायचं आणि आपण कशासाठी अडलो ते सांगायचं. इथे चूक झाली तर हिरवं आणि चूक झालीच नाही तर लाल. नव्या पोरांच्या डोक्यात हे उलटं गणित शिरायला आठवडा लागायचा, आणि तो आठवडा मावशीच्या जिभेचा असायचा.

यंत्र अडलं की ते सरळ कारण सांगत नाही. आधी ‘अडलो’ म्हणून एक ओळ, मग कुठून कुठे गेलो आणि कुठल्या उंबऱ्याला ठेचकाळलो याचं लांबलचक रडगाणं, आणि अगदी शेवटी कारणाची एक ओळ. मधलं रडगाणं रोज बदलतं, ते कोण ताडत बसणार? त्याच्या जागी तीन ठिपके द्यायची रीत आहे. ठिपके म्हणजे इथे काहीही असो, मी बघत नाही. पण शेवटच्या ओळीत ठिपके द्यायचे नाहीत. यंत्र का अडलं ते तिथेच तर कळतं. हा नियम मावशीनंच घातला होता, आणि तो मोडणाऱ्याला ती चारचौघांत सोलून काढायची.

वय एकोणसाठ. नोकरी संपून वर्ष झालं होतं आणि आता वर्षावर्षाच्या मुदतवाढीवर गाडी चालली होती. यंदा वरच्या मजल्यावर कुणी तरी बोलून गेलं होतं की उदाहरणं लिहिणारासुद्धा प्रोग्राम आता मिळतो, मग बाई हवीच कशाला. साहेबांनी तिची बाजू घेतली. साहेब म्हणजे तिच्या मुलीच्या वयाचा. तोंडावर ती अहोजाहो करायची, मनात त्याचे कान धरायची. पण पोरगा भला होता. वर जाऊन त्यानं एकच वाक्य सांगितलं होतं: मावशींचं एकही उदाहरण तीन वर्षांत खोटं निघालेलं नाही. त्या एका वाक्यावर कागद तयार झाला होता. आज आवृत्ती गेली की संध्याकाळी सही होणार होती. घरी बसून काय करणार होती ती? घरी थोरली जाऊ होती, दोघी विधवा, दोन खोल्या. एकमेकींशी बोलून बोलून दोघींचे विषय केव्हाच झिजले होते.

तर चार वाजायला वेळ होता, म्हणून तिनं पत्रं उघडली. पुस्तिकेच्या शेवटी तिचा पत्ता छापलेला असायचा, शंका असल्यास कळवा म्हणून. वर्षाकाठी पाच-सहा जण कळवायचे. आवृत्ती जायच्या आधी एकेकाला उत्तर द्यायचं हा तिचा शिरस्ता. या वेळी एकच पत्र होतं, पाच दिवसांपूर्वीचं, कुठल्याशा दवाखान्यात पंप दुरुस्त करणाऱ्या माणसाचं. त्यानं लिहिलं होतं, एक्केचाळिसावं उदाहरण जसंच्या तसं करून बघितलं, चूक येते हे खरं, पण ती चूक म्हणते की असं औषध यादीत नाही. वजनाबद्दल काहीच म्हणत नाही. माझं काही चुकतंय का?

चुकत असेल मेल्याचं, असं म्हणतच तिनं एक्केचाळिसावं उघडलं. शून्य वजनाचा रोगी. याला औषध सोड म्हटलं की यंत्रानं अडायचं आणि म्हणायचं की वजन शून्य असू शकत नाही. तिनं ते स्वतः टाइप केलं, एकेका बोटानं, त्या दुरुस्तीवाल्यानं केलं असेल तसं.

यंत्र अडलं. म्हणालं, असं औषध यादीत नाही.

ती पुढे सरकली. औषधाचं नाव बघितलं. सहा महिन्यांपूर्वी यादीतली जुनी नावं बदलली होती, हे उदाहरण मागे राहिलं होतं. यंत्र वजनापर्यंत पोचतच नव्हतं, औषधाच्या नावालाच अडखळत होतं. मग तपासणाऱ्यानं बोंब का मारली नाही? तिनं पुस्तिकेतली शेवटची ओळ बघितली. ‘चूक:’ असं लिहिलेलं, आणि पुढे तीन ठिपके. काहीही असो, मी बघत नाही.



औषधाचं नवं नाव घालून तिनं पुन्हा शून्य वजन दिलं. यंत्र अडलंच नाही. गुमान ‘चालू’ म्हणालं आणि तासाला किती थेंब तो आकडा दाखवला. शून्य वजनाला आकडा आला कुठून? तिनं आधी बासष्ट किलोचा माणूस भरला, मग शून्य. तिनं नऊ किलोचं मूल भरलं, मग शून्य. पुन्हा बासष्ट, पुन्हा शून्य. दरवेळी तेच. वजन भरायचं राहिलं की यंत्र मुकाट्यानं मागच्या रोग्याचं वजन पुढच्याला लावत होतं.

ठिपके कुणी दिले हे बघायची सोय असते. कुणी, कुठल्या दिवशी, किती वाजता, सगळं नोंदलेलं. तिला बघायची गरज नव्हती, तरी बघितलं. तिचंच नाव. तीन वर्षांपूर्वीची तारीख, सकाळचे साडेनऊ. नवरा जाऊन तेव्हा पाच दिवस झाले होते.

घरी बसवेना म्हणून ती पाचव्या दिवशी कामावर आली होती. त्या आठवड्यात पोरांनी चुकांच्या ओळींची भाषा बदलायचा घाट घातला होता. आज एक शब्द, उद्या दुसरा, आणि हिच्याकडे रोज सकाळी लालच लाल. डोळ्यांपुढे अक्षरं ठरत नव्हती. तिनं अकरा ठिकाणी शेवटच्या ओळीत ठिपके देऊन टाकले. सावरल्यावर काढू म्हणून. महिन्याभरानं तिनं ते काढले. दहा ठिकाणचे.

चहाच्या यंत्रापाशी जाऊन तिनं कप भरला आणि तिथेच उभी राहिली. सोपी वाट समोर होती आणि ती काही अगदीच काळी नव्हती. आज आवृत्ती जाऊ द्यायची. संध्याकाळी कागदावर सही होऊ द्यायची. सोमवारी दाढीवाल्याला, म्हणजे ज्यानं हा वजनाचा भाग सहा महिन्यांपूर्वी नव्यानं लिहिला होता त्या पोराला, कोपऱ्यात घेऊन सांगायचं, बाबा, एवढं नीट कर. दोन दिवसांत दुरुस्तीची पुरवणी गेली असती. दोन दिवसांत कुठल्या नर्सकडून वजन भरायचं राहणार होतं?

राहतं. तिनं बघितलं होतं. नवऱ्याच्या उशाशी ती नऊ दिवस बसली होती, आणि तिथेही असाच एक पंप होता, दुसऱ्या कंपनीचा. एका दुपारी त्याच्या खाटेपाशी दुसरा पंप आणून लावला आणि तो केकाटायला लागला. ही ताडकन उठली. दोन पाळ्या सलग करून आलेली नर्स जांभई देत म्हणाली, घाबरू नका, वजन भरायचं राहिलं माझं. भरल्याशिवाय नाही पुढे जात हा, हट्टी आहे.

चहा तिनं तसाच ओतून दिला. जागेवर येऊन औषधाचं नाव बदललं, ठिपके काढले, कारणाची ओळ अख्खी लिहिली आणि सगळी उदाहरणं पुन्हा चालवली. दोनशे अकरा हिरवी. एक लाल. मग ती साहेबांच्या खोलीत गेली आणि बसा म्हणायची वाट न बघता बसली.

तिनं सगळं सांगितलं. साहेबांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. टेबलावर डाव्या हाताला तिच्या मुदतवाढीचा कागद पडला होता, त्यावर पेनाचं टोपण.

“आजच सापडायचं होतं का मावशी,” ते म्हणाले, आणि कपाळ चोळलं. “बरं. थांबवतो. वर सांगतो की वजनाच्या भागात दोष निघाला.”

“आणि तो तीन वर्षं झाकला होता तेही सांगा.”

“तीन वर्षं कुठे? दोष सहा महिन्यांचा आहे.”

“झाकण तीन वर्षांचं आहे. ठिपके मी दिले होते.”

साहेबांनी उठून दार लोटलं. खुर्चीत न बसता टेबलाला टेकून उभे राहिले. नोंदी वरचं कुणी उघडून बघत नाही, असं त्यांनी हळूच सांगितलं. दोष सापडला, तुम्हीच शोधलात, एवढं पुरे आहे. बाकी त्यांना कशाला?

“माझ्यासाठी तुम्ही वर जे वाक्य सांगून आलात ना,” ती म्हणाली, “ते खोटं होतं. तुम्हाला ठाऊक नव्हतं म्हणून तुमच्यावर दोष नाही. आता ठाऊक आहे.”

“तुम्ही त्या वेळी कुठल्या अवस्थेत होता ते मला…”

“अवस्था नर्सचीही असते. म्हणून तर यंत्रानं अडायचं.” तिचा आवाज चढला नव्हता, उलट दमलेला होता. “साहेब, ते अडत होतं. रोज सकाळी अडत होतं, आणि मी म्हणत होते, शाबास. पण अडत होतं भलत्याच कारणासाठी. मी कारण ऐकलंच नाही. नाही म्हणालं ना, झालं, एवढ्यावर खूश.”

साहेबांनी कागदाकडे बघितलं नाही, पण त्यावरचं टोपण उचलून पेनाला लावलं. तेवढं तिला पुरलं.

दाढीवाल्याला बोलावलं तेव्हा तो आधी हसतच आला, मावशी आज कुणाला सोलणार म्हणून. बासष्ट आणि शून्य, नऊ आणि शून्य हे त्याला करून दाखवल्यावर त्याच्या दाढीतलं हसू आत गेलं. वजन तपासायची ती ओळ आपण इथून उचलून दुसरीकडे नेणार होतो, तो म्हणाला, इथून काढली आणि तिकडे घालायची राहिली. त्यावर मावशीनं त्याला एका शब्दानंही बोल लावला नाही. हे त्याला जास्त लागलं असावं, कारण दुपारचा डबा न उघडता तो बसून राहिला. पावणेसहाला यंत्र अडलं. म्हणालं, वजन शून्य असू शकत नाही. मावशीनं ती ओळ बोट फिरवत तीनदा वाचली. आवृत्ती सोमवारवर गेली होती, आणि मजल्यावरची पोरं कुणी उघड, कुणी आडून तिच्याकडे बघत घरी निघाली होती.

दुरुस्तीवाल्याला उत्तर द्यायचं राहिलं होतं. दिवसभरात त्याच कामाला सगळ्यात जास्त वेळ लागला. चार वेळा लिहून चार वेळा पुसलं. शेवटी एवढंच ठेवलं: तुमचं काही चुकलेलं नाही. चूक माझी होती. वजनाचं उदाहरण आज दुरुस्त केलं, नवी आवृत्ती सोमवारी निघेल, तोवर पंपावर वजन भरलंय ना ते हातानं बघून घ्या. तुम्ही लिहिलंत म्हणून कळलं.

साहेब निघता निघता तिच्या टेबलापाशी थांबले. वर सगळं सांगितलं, म्हणाले. अगदी सगळं. तिनं मान हलवली. कागदाचं सोमवारी बघू, असं ते तिच्या पाण्याच्या बाटलीकडे बघत बोलले. सोमवारी काय बघायचं असतं हे न कळण्याइतकी काही ती नवी नव्हती.

घरी जाऊबाई स्वयंपाकघरात स्टुलावर बसून तांदूळ निवडत होत्या. नवऱ्याच्या नात्यानं थोरली, वयानं अठ्ठ्याहत्तर. शाळेत तीन वर्षं गेलेली आणि त्यानंतर कुणाचं ऐकून न घेतलेली बाई. हिचा चेहरा बघून त्यांनी काही विचारलं नाही, नुसतं सूप बाजूला सारून गॅसवर पाणी ठेवलं.

“नोकरी गेली म्हणायची, ताई,” मावशी पिशवी ठेवत म्हणाली.

“काढलं?”

“अजून नाही. सोमवारी काढतील.”

“तू काय केलंस?”

“चुकले होते. ते सांगितलं.”

जाऊबाईंनी तिच्या पायांकडे बघितलं. “बस आधी,” म्हणाल्या. “चपलेसकट आत आलीस.”

शुक्रवार होता, आणि शुक्रवारी साडेसातला मुलीचा फोन यायचा. मुलगी दुसऱ्या शहरात, रेल्वेनं रात्रभराच्या वाटेवर. फोनचा मजकूर ठरलेला. बरी आहेस का, औषध घेतेस का, आणि शेवटी, येतेस का चार दिवस? मावशीचं उत्तरही ठरलेलं: सुट्टी नाही मिळत गं. मुलगी म्हणायची, बरं. तीन वर्षं हे असंच चाललं होतं, कुणी अडखळत नव्हतं, कुणी आवाज चढवत नव्हतं. बाप नऊ दिवस दवाखान्यात होता तेव्हा ही रोज फोन करून ये म्हणायची आणि मुलगी म्हणायची, सुट्टी नाही मिळत आई. आली ती सगळं उरकल्यावर. त्यावर दोघी कधी बोलल्या नाहीत. जाऊबाई मात्र मागे एकदा पोळीला तूप लावावं तसं शांतपणे बोलल्या होत्या, “ती म्हणते सुट्टी नाही, तू म्हणतेस सुट्टी नाही. दोघींची कचेरी एकच आहे का गं?”

साडेसातला फोन वाजला. बरी आहेस का. बरी आहे. औषध घेतेस का. घेते. मुलीनं तिच्या लेकीच्या शाळेचं काही तरी सांगितलं. मावशीनं ऐकलं. भिंतीला टेकून ती उभी होती, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत.

“येतेस का गं चार दिवस?” मुलीनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता पुढचं ‘बरं’ तिच्या ओठावर आलेलंसुद्धा ऐकू येत होतं.

“सुट्टी होती,” मावशी म्हणाली.

“काय?”

“दरवेळी होती. मागितली असती तर मिळाली असती, मी मागितलीच नाही. तुझ्यावर राग होता म्हणून आले नाही.”

पलीकडे मागे कुठे तरी मुलीच्या घरातला नळ चालू असल्याचं ऐकू आलं, आणि तो बंद झाल्याचं. दुसरा कुठलाही शुक्रवार असता तर मावशीनं ही पोकळी लगेच भरून काढली असती, नातीचं काही विचारलं असतं. आज तिनं भरली नाही. फोन कानाशी घट्ट धरून उभी राहिली.

“आई,” मुलगी म्हणाली. तिचा आवाज ओळखू येत नव्हता. “तेव्हा मलाही होती.”

जाऊबाईंनी उकळतं पाणी उतरवलं, गॅस बंद केला, आणि उठून आपल्याखालचं स्टूल पायानं भिंतीकडे ढकललं. मावशी त्यावर हळूच टेकली.

“सांग,” ती म्हणाली.